नवीन काढा

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कार्यशाळेतली पेटी ओरडू लागली. पेटीतलं जिला कळत होतं ती थोरली मुलगी त्या वेळी दवाखान्यात होती आणि ज्याला कळत नव्हतं तो जावई पेटीसमोर उभा होता. झालं ते सगळं एवढ्यातच आलं, असं थोरली पुढचे दोन दिवस येईल त्याला सांगत होती. ते अगदीच खोटं नव्हतं, अपुरं होतं.

कार्यशाळा नाकांची आहे. कानही होतात, बोटंही होतात, डोळ्याखालचा गालाचा तुकडाही होतो. पण रस्त्यावरचे लोक तिला नाकवाल्यांची म्हणूनच ओळखतात. आजारात किंवा अपघातात ज्याचं नाक जातं त्याला इथे सिलिकोनचं नाक मिळतं, त्याच्या कातडीच्या रंगाचं, सकाळी चिकटवायचं आणि झोपताना उतरवून डबीत ठेवायचं. वडिलांनी काम सुरू केलं तेव्हा ते फोटो बघून मेणात नाक कोरत. त्यांच्या हातात कसब होतं, यात वाद नाही. फक्त त्यांनी कोरलेलं प्रत्येक नाक त्यांच्या स्वतःच्या नाकावर जाई. शहरात अजूनही अशी काही माणसं फिरतात, त्यांत बायकाही आहेत, की परक्याला वाटावं सगळी एकाच घरातली. मुली लहानपणी त्यांना काका आणि आत्या म्हणत, अर्थात त्यांची पाठ वळल्यावर.

थोरलीने हे बंद केलं. ऑपरेशनच्या आधी ती दवाखान्यात जाते, रुग्णाचा चेहरा स्कॅनरने एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून टिपते आणि पेटीत ठेवते. त्यावरून साचा होतो, साच्यातून नाक होतं, आणि माणसाला त्याचं स्वतःचं नाक परत मिळतं. ऑपरेशन झाल्यावर हे टिपणं पुन्हा करता येत नाही, कारण टिपायला काही उरलेलं नसतं.

पेटी म्हणजे बुटांच्या खोक्याएवढं यंत्र. आत चार हार्ड डिस्क. फाईल कुठल्याही एका डिस्कवर सबंध राहत नाही. तिचे तुकडे चौघींवर विखुरलेले असतात, आणि कुठला तुकडा कुठे आहे हे पेटी स्वतः लक्षात ठेवते. एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिच्या वाटचं सांगू शकतात. या सगळ्या मांडणीला फाईल सिस्टिम म्हणतात. ती थोरलीने बसवली होती. घरात तिच्याशिवाय ती कुणाला कळू नये, असा तिचा हेतू नव्हता. कळावी म्हणून मात्र तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. ज्यांना समजावून सांगावं लागतं त्यांना सांगून काय उपयोग, असा तिचा हिशेब.

जावई म्हणजे धाकटीचा नवरा. आधी तो एका दुकानात मोबाईलच्या फुटक्या काचा बदलत असे, म्हणून सासरी तो कॉम्प्युटरचा माणूस. दुकान बंद पडलं तसे वडील म्हणाले, "जावईबापू, इकडेच या की." थोरलीला कुणी विचारलं नाही. जावई आला, साचे भरण्याच्या कामाला लागला, आणि थोरलीच्या शब्दांत सांगायचं तर कार्यशाळेतली एक खुर्ची कमी झाली.

तर दहा वीसला पेटी ओरडली आणि जावयाने फोन लावला. थोरली एका म्हाताऱ्याच्या कानामागे माप धरून उभी होती. फोन तिने खांद्यात दाबला.

"ताई, पेटी ओरडतेय."

"ओरडतेय म्हणजे?"

"टूं टूं. थांबतच नाही. मी नव्या डिस्क लावल्यात ना."

"कुणी सांगितलं होतं?"

"बाबाच म्हणाले, जागा भरत आलीय. म्हटलं, तेवढंच तुमचं काम हलकं."

"माझं काम हलकं करू नका. नुसत्या लावल्यात, की आणखी काही केलंत?"

"लावल्यात फक्त."

"मग नवीन काढा."

"नवीन काढू?"

"नवीन काढा! आणि मी येईपर्यंत हात बांधून बसा."

म्हाताऱ्याने विचारलं, घरी सगळं बरं आहे ना. थोरली म्हणाली, बरं आहे, घरात जावई आहे. म्हातारा समजून हसला. त्यालाही दोन होते.

तिने माप पूर्ण केलं, पुन्हा एकदा पडताळलं, हातमोजे काढून टाकले, आणि मग निघाली. धावत सुटणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि जावयासाठी तर मुळीच नाही.

ती आली तेव्हा पेटी गप्प होती. सगळे दिवे हिरवे. जावई खरंच हात बांधून बसला होता आणि चेहऱ्यावर शाबासकीची वाट होती.

"या ताई. झाली शांत."

"काय केलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

पडद्यावर लिहिलं होतं: नवा संच तयार. स्थिती उत्तम. वापरलेली जागा शून्य. खाली एक पट्टी हळूहळू पुढे सरकत होती, म्हणजे पेटी सहाही डिस्कवर आपली नवी आखणी लिहीत चालली होती. थोरली पडद्याकडे बघत राहिली. मग ती वाकली आणि भिंतीतून वायर उपटली.

"अहो, असं एकदम बंद करू नये," जावई म्हणाला. "खराब होते."

कोपऱ्यात वडील एका कानाची कड घासत बसले होते. त्यांनी घासणं थांबवलं. धाकटी आतल्या खोलीत रंग लावत होती, ती ब्रश हातात घेऊन दारात आली. थोरलीने जावयाकडे पाहिलं नाही. हवेतल्या एखाद्या डासाशी बोलावं तशी ती बोलली.

"आता पहिल्यापासून सांगा. जे केलंत तेच. जे करायचं मनात होतं ते नको."

त्याने सांगितलं. दोन डिस्क रिकाम्या खाचांत बसवल्या. पेटीने विचारलं, संचात सामावून घेऊ का. हो म्हटलं. पेटी सामान हलवू लागली. ते कुठपर्यंत आलं होतं माहीत नाही. मग टूं टूं.

"तुम्ही मला म्हणालात, नुसत्या लावल्यात."

"लावल्याच की. लावणं म्हणजे तेच ना? घरात टीव्ही लावला म्हणजे काय नुसता भिंतीला टेकवून ठेवतात?"

धाकटीला हसू आलं, ते तिने ब्रशामागे लपवलं. थोरलीला आलं नाही. खाचेत बसवणं आणि संचात सामावून घेणं यांत केवढं अंतर आहे ते तिला माहीत होतं. नुसती बसवलेली डिस्क परत ओढून काढली तर पेटीला पत्ताही लागत नाही. सामावून घेतलेल्या डिस्कवर मात्र पेटी जुनं सामान नेऊन ठेवू लागते, आणि तेही शेवटून, म्हणजे सगळ्यांत नवं ते सगळ्यांत आधी. जे स्कॅन नुकतेच आले होते तेच सगळ्यांत आधी हलले असणार.

"मग?"

"मग तुम्हाला फोन. तुम्ही म्हणालात नवीन काढा. मी पेटी एकदा बंद-चालू केली, सहाच्या सहा दिसल्या. तिथे लिहिलेलंच होतं, 'नवा संच'. दाबलं. विचारलं, जुनं सगळं जाईल, चालेल का? मला जरा शंका आली. पण तुम्ही दोनदा सांगितलं होतंत."

थोरलीने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "काढा म्हटलं मी. काढा! बाहेर! डिस्क बाहेर काढा! आपल्या भाषेत काढणं म्हणजे काय असतं? दात काढतात म्हणजे काय करतात?"

"खातं काढतात म्हणजे काय करतात?" धाकटी दारातून म्हणाली.

"तू रंग लाव."

"लावतेच आहे. पण ताई, तू यांना रोज काय म्हणतेस ते सांग की. साच्यात बुडबुडा राहिला, कड फाटली, तर काय म्हणतेस? 'हे टाका, नवीन काढा.' आल्यापासून यांनी तुझ्या तोंडून दुसरं वाक्य ऐकलंय का?"

वडील कानाकडे बघत म्हणाले, "तसंच म्हणतेस तू." आणि पुन्हा घासू लागले.

खरं होतं ते. या घरात नाक ओतत नाहीत, बनवत नाहीत, काढतात. वडील काढत, त्यांच्याकडून मुलींनी शब्द उचलला. नवीन काढा म्हणजे नव्याने ओता, हे इथे शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात कळतं. जावई आल्यापासून थोरलीचं एकही सांगणं त्याने पहिल्या फटक्यात बरोबर केलं नव्हतं. हे मात्र तंतोतंत केलं होतं.

थोरलीला आणखी एक गोष्ट दिसली होती आणि ती तिने कुणाला सांगितली नाही: सामान हलायला लागल्यावर डिस्क बाहेर ओढल्या असत्या तरी बट्ट्याबोळच झाला असता. तिच्या वाक्याचा कोणताही अर्थ घ्या, ते चुकीचंच होतं. काहीच न करता वायर उपटायला सांगायला हवं होतं. पण ते सांगण्याआधी आणखी दोन प्रश्न विचारावे लागले असते, आणि जावयाशी दोन प्रश्न जास्त बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तिने पेन घेतलं आणि डिस्क एकेक बाहेर ओढून त्यांच्यावर आकडे घालू लागली. कुठली कुठल्या खाचेत होती हे आता हरवून चालणार नव्हतं. चार जुन्या. पाचवी कोरी, झगझगीत. सहावी हातात आली आणि ती थांबली. सहावीच्या कोपऱ्याला खरवडा होता. तो खरवडा तिच्या ओळखीचा होता.

"ही कुठून आणलीत?"

"ती? कपाटात पडली होती. म्हटलं एकच विकत आणू, दुसरी आहेच. लावून बघितली, आत काही नव्हतं."

"काही नव्हतं?"

"कॉम्प्युटर म्हणाला, ओळखता येत नाही."

"कॉम्प्युटरला ओळखता आलं नाही म्हणजे रिकामी? उद्या रस्त्यात तुम्हाला एखादा माणूस ओळखता आला नाही तर त्याला जाळून याल?"

ही तिची दुसरी प्रत होती. दर आठवड्याला पेटीतलं सगळं ती या डिस्कवर उतरवत असे, डिस्क कपाटात ठेवत असे, आणि दोन्हीकडे नीट उतरलंय हे पाहून स्कॅनर रिकामा करत असे. इतकी शिस्त घरात कुणाला नव्हती. या शिस्तीत एकच गोष्ट नव्हती. डिस्कवर काही लिहिलेलं नव्हतं.

"त्यावर एखादी चिठ्ठी असती तर," वडील म्हणाले.

"चिठ्ठ्या चिकटवायच्या तर मग माणसाला डोकं कशाला दिलंय?"

"सगळ्यांना तुझं नाही ना दिलेलं," धाकटी म्हणाली आणि रंगाकडे परत गेली.

ज्यांची नाकं पूर्वीच तयार होऊन गेली होती त्यांचं फारसं बिघडणार नव्हतं. साचे फळीवर होते. अडलं होतं एकच नाक. साचा अजून झाला नव्हता, मूळ नाक गेल्याच आठवड्यात ऑपरेशनमध्ये गेलं होतं, आणि ते जिचं होतं ती बाई गुरुवारी पहिल्या मापाला येणार होती.

ती तिकीट तपासनीस. वीस-एक वर्षं बसमध्ये चढून लोकांना घाम फोडणारी. ऑपरेशनच्या आधी स्कॅनला बसली तेव्हाच तिने बजावून ठेवलं होतं.

"सरळ करून देऊ नका. लोक म्हणतात, आता करतेच आहेस तर सरळ करून घे. सरळ नाकाच्या बाईला कोण भितंय?"

नाक खरंच वाकडं होतं, मध्यावरून उजवीकडे वळलेलं. पहिल्याच वर्षी एका फुकट्याने पळताना बसचं दार तिच्या तोंडावर आपटलं होतं. तिने तुटक्या नाकानिशी त्याला पुढच्या थांब्यावर गाठलं. "तेव्हापासून हे असं. मी नुसतं मुरडलं तरी माणूस खिशात हात घालतो. मला बोलावंही लागत नाही. हेच हवंय मला, जसंच्या तसं." थोरलीला ती बाई आवडली होती. थोरलीला माणसं क्वचित आवडत, आणि आवडली तर ती बहुधा इतरांना नकोशी असत.

मंगळवारची दुपार आणि बुधवार प्रती करण्यात गेले. बिघडलेल्या डिस्कवर हात चालवायचा नसतो. तिची आहे तशी, चुकांसकट, दुसऱ्या डिस्कवर नक्कल उतरवायची आणि जे काय शोधायचं ते नकलेत शोधायचं. मूळ डिस्क एकदाच वाचायची, हळू, मध्ये काही न लिहिता. नकलेसाठीच्या डिस्क वडील स्वतः जाऊन घेऊन आले. जावयाला पाठवा, असं त्यांनी सुचवलं नाही, यावरून ते किती घाबरले होते ते कळावं.

जावई मात्र खोलीतून हलेना. त्याला हाकलावं तर धाकटीचं तोंड, ठेवावं तर त्याचं.

"ताई, मी काही करू?"

"श्वास घ्या. पण आवाज नको."

बुधवारी संध्याकाळी चार जुन्या डिस्कच्या नकला तयार झाल्या. थोरलीने शोध लावला. पेटीने नवी आखणी लिहिली तरी जुनं सामान एकदम पुसलं जात नाही. गावाची पाटी बदलते, घरं जिथल्या तिथे असतात, जोवर त्यांवर नवं बांधत नाहीत तोवर. पेटीच्या जुन्या आठवणीचे तुकडे डिस्कच्या पोटात कुठे कुठे शिल्लक होते. त्यांतला बराचसा भाग तिने जुळवला. फाईलींची नावं उगवू लागली. एका शिक्षकाचा कान. एका मुलीचा अंगठा. मग तपासनीसबाईंचं नाव, आणि त्याखाली दोन फाईली, डावी आणि उजवी.

डावी उघडली. पडद्यावर राखाडी रंगाचा अर्धा चेहरा आला: डावा गाल, डावी नाकपुडी, आणि वाटेत विचार बदलल्यासारखं उजवीकडे निघालेलं नाक. जिथे ते वळण घ्यायला लागतं तिथेच चित्र संपत होतं.

उजवी उघडली नाही. नाव होतं, आत काही नव्हतं. तिचे तुकडे सामान हलवताना नव्या डिस्कवर गेले होते. त्यांपैकी कोऱ्या पाचवीवर जिथे ते असायला हवेत तिथे नव्या आखणीने आधीच लिहून टाकलं होतं. उरली सहावी, ती खरवड्याची. तिच्यावर हलवलेले तुकडे असतील, किंवा खाली तिचीच आठवड्याची जुनी प्रत असेल. दोन्हीपैकी एक मिळालं तरी पुरे होतं. पण सहावी म्हातारी होती. कपाटात पडून राहायची तिला सवय होती, दिवसभर पळण्याची नव्हती. संचात तीच मध्ये धाप लागून थांबली होती, आणि पेटी ओरडली होती ती तिच्यासाठी. तिचं वाचन आता दर थोड्या वेळाने अडकत होतं.

जावई मागे उभा होता, हे थोरली विसरली होती.

"ताई, एक बोलू? डावी आहे ना. तिलाच आरशासारखी उलटी केली की उजवी झाली."

"तुमचं नाक सरळ आहे का?"

"हो."

"म्हणून सुचलं."

तो म्हणाला, "मला वाटलं, निदान तात्पुरतं." त्यात रुसवा नव्हता. थोरलीला रुसवा चालला असता. त्याला फटकारता आलं असतं.

गुरुवारी तपासनीसबाई ठरल्या वेळेला आल्या. तोंडावर कापडी पट्टी, वर तेच डोळे. कामावर सोमवारी रुजू व्हायचं होतं, तसं कळवून झालं होतं. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चौघांकडे एकेक करून पाहिलं, बसमध्ये चढल्यावर पाहतात तसं, मागच्या सीटपासून.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं. आवाज पट्टीतून बसका येत होता.

"थोडी तांत्रिक अडचण आहे," थोरली म्हणाली. "फाईल सिस्टिममध्ये एक बिघाड..."

"बाई, ज्याच्याकडे तिकीट नसतं तो माझ्याशी असाच बोलतो. आधी खिसे चाचपतो, मग पाकीट उघडतो, मग म्हणतो, आत्ता तर होतं. नाक आहे की नाही?"

"अर्धं आहे."

"कुठलं अर्धं?"

"डावं."

तपासनीसबाईंनी पट्टीच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे वाकडं ते गेलं."

वडील पुढे आले. त्यांनी हात पुसले, घसा साफ केला. "मी हाताने करून देतो ना. ओळखपत्रावर फोटो असेलच. माझं सगळं आयुष्य यातच गेलं. शनिवारपर्यंत मेणात दाखवतो."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, म्हणजे त्यांच्या नाकाकडे.

"आमच्या डेपोत एक कारकून आहेत. त्यांचं तुम्ही केलंय ना?"

"हो! बरे आहेत का ते?"

"बरे आहेत. तुम्ही आत्ता पुढे आलात तेव्हा मला वाटलं तेच आले. नको. तुमचं नाक तुमच्यापाशीच राहू द्या."

वडिलांचा चेहरा पडला. दुसऱ्या वेळी धाकटीने बाईंची बाजू घेऊन मनसोक्त हसून घेतलं असतं. आता तिने वडिलांच्या हातात ओला रुमाल दिला आणि त्यांना आत नेलं.

"चूक कुणाची?" बाईंनी विचारलं.

जावयाने तोंड उघडलं. थोरलीनेही उघडलं. दोघांना एकमेकांचा आवाज एकदमच ऐकू आला आणि दोघंही थांबले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "दोघंही निमित्तं शोधताय, तोंडावर दिसतंय. मला माणूस नकोय पकडायला. नाक पाहिजे. मिळण्यासारखं आहे का, एवढं सांगा. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका, त्याला मी रोज दंड करते."

थोरलीने सांगितलं. सांगताना तिला पहिल्यांदाच सोपे शब्द शोधावे लागले, कारण समोरची बाई दर वाक्याला अडवत होती. अडकतं म्हणजे? वाचत नाही म्हणजे कधीच नाही, की आत्ता नाही? थोरलीने सांगितलं की डिस्क सुरुवातीकडून वाचली तर एका जागी येऊन अडते आणि पुढे सरकत नाही. आता ती शेवटाकडून उलटी वाचायला लावली आहे, म्हणजे अडलेल्या जागेच्या पलीकडचं तरी हाती येईल. उजव्या फाईलीचे तुकडे अडलेल्या जागेच्या अलीकडे सापडले नाहीत; ते पलीकडे आहेत, की नेमके तिथेच आहेत, ते आताच कळत नाही.

"आणि नेमके तिथेच असले तर?"

"तर नाही."

"हे बरोबर बोललात," तपासनीसबाई म्हणाल्या. "हे पहिल्यांदा बोलला असतात तर मी एव्हाना घरी पोचले असते."

पण त्या उठल्या नाहीत. पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. थोरलीने त्यांना संध्याकाळी फोन करते म्हटलं, उद्या करते म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. जावई चहा करू का म्हणाला. पट्टीखालून कसा पिणार, हे त्याच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. थोरलीच्या जिभेवर जे आलं ते पुरेसं धारदार होतं. तिने ते गिळलं, दया आली म्हणून नव्हे. वाचनाची पट्टी हलल्यासारखी वाटली म्हणून.

"नळी आहे आपल्याकडे," धाकटी आतून म्हणाली. "सरबत करते. नळीने जातं ना?"

"जातं," बाई म्हणाल्या. "गोड जास्त नको."

दुपारी तीनच्या सुमारास वाचन थांबलं. थोरलीने डिस्क थंड होऊ दिली, वायर बदलली, पुन्हा लावलं. डिस्कने पोटातून एक खरखर काढली आणि फिरू लागली. वडील बाहेर आले आणि दूरच्या खुर्चीत बसले. जावई पंखा डिस्ककडे वळवून उभा राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, पण ते चूक नव्हतं, म्हणून थोरलीने त्याला तसंच उभं राहू दिलं.

साडेपाचला अडलेल्या जागेच्या पलीकडचं सगळं वाचून झालं होतं. त्यात सापडलेला एक तुकडा उजव्या फाईलीचा होता. तो थोरलीने उघडून पाहिला: उजवा गाल आणि कानाची पाळी. नाक त्यात नव्हतं. आता वाचायची उरली होती ती फक्त अडलेली जागा. सहा वाजता डिस्क फिरत होती, पडद्यावरची पट्टी जागेवर होती, आणि तपासनीसबाई खुर्चीतच बसून होत्या.